हार्ड डिस्क बदलताना: सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

घरचा कॉम्प्युटर पाच-सात वर्षांचा झाला की बऱ्याचदा डिस्कच आधी कुरकुरायला लागते. मग तेच प्रश्न पुन्हा येतात: जुळे सोलापुरातून, विजापूर रोडवरून, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून, कधी बार्शी-पंढरपुराहून. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. ज्याला जे हवं त्याने तेवढंच वाचावं, पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी प्रश्न १ आणि २ सगळ्यांनी वाचावेत. डिस्क उद्या दुकानात मिळेल, त्यातले फोटो आणि हिशेब मिळणार नाहीत.

१. कॉम्प्युटर फार हळू चालतोय. डिस्क खराब झाली आहे की मशीनच जुनं झालंय, हे कसं कळणार?

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट रीडिंग म्हणतात. क्रिस्टल डिस्क इन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद दाखवतं. त्यातल्या तीन ओळी पाहा: रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा कप्पा). तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर काळजीचं कारण कमी. आकडा आहे आणि आठवड्याभरात वाढलाय, तर डिस्क जायला लागली आहे. आजच बॅकअप घ्या.

नुसता सीआरसी एररचा (डेटा पाठवताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. आधी सॅटा केबल (डिस्कला मदरबोर्डाशी जोडणारी) बदलून पाहा, डिस्कचा खर्च वाचेल.

रीडिंग स्वच्छ आहे, तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते? मग डिस्क बिघडलेली नाही, ती विंडोज १० किंवा ११ ला पुरी पडत नाही. त्यावरचा उपाय प्रश्न ४ मध्ये आहे.

२. डिस्कमधून टक-टक आवाज येतोय. काय करू?

कॉम्प्युटर बंद करा. ‘अजून एकदा चालू करून बघू’ हा मोह टाळा. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीच्या अगदी जवळून तरंगत असतं. ते बिघडून तबकडीला घासायला लागलं, तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर थोडा थोडा डेटा कायमचा खरवडला जातो.

आता एकच ठरवायचं: आतला डेटा किती मोलाचा आहे? गाणी आणि सिनेमे असतील तर नवी डिस्क घ्या आणि पुढे चला. पण लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसाचे व्हिडिओ, दुकानाचे हिशेब असतील, तर कोणतंही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू नका. आवाज करणाऱ्या डिस्कवर सॉफ्टवेअर तासन्‌तास वाचन करत राहतं आणि उरलेलंही घालवतं. अशी डिस्क धूळमुक्त खोलीतच उघडावी लागते. तशी सोय असलेल्या लॅब पुण्या-मुंबईत आहेत. डिस्क कुरिअरने पाठवण्यापेक्षा सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून स्वतः हातात घेऊन जाणं मला जास्त भरवशाचं वाटतं. फोम किंवा जाड टॉवेलमध्ये गुंडाळा, बॅग मांडीवर ठेवा. लॅबमध्ये आधी फक्त तपासणी करून घ्या. ‘डेटा मिळाला नाही तर किती पैसे?’ हे लेखी विचारा, मगच पुढचं ठरवा.

डिस्क आवाज करत नसेल, नुसती रीडिंग खराब असतील, तर अजून वेळ आहे. फॉरमॅट, डीफ्रॅग, चेकडिस्क यांतलं काहीही करण्याआधी महत्त्वाचे फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. सगळ्यात मोलाचं आधी, गाणी-सिनेमे शेवटी.

३. बंद पडलेली डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालू होते म्हणे?

नाही, ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि ओल्या तबकडीवर हेड चालतं. लॅबवाल्यांचं कामही त्याने अवघड होतं.

४. नवीन हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी?

एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. विंडोज ज्यावर राहणार आहे ती डिस्क एसएसडीच घ्या. यात मला आता शंका उरलेली नाही. हार्ड डिस्कला एखादी फाइल शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइल उघडतं, म्हणून फरक तिथेच सगळ्यात जास्त जाणवतो. नवा प्रोसेसर किंवा जास्त रॅम याआधी एसएसडी लावा. घरच्या जुन्या मशीनला इतका बदल दुसऱ्या कुठल्याही एका खर्चाने होत नाही.

हार्ड डिस्कचं काम संपलेलं नाही. लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ, वर्षानुवर्षांचे फोटो, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, बॅकअप, यांसाठी एका टीबीमागे हार्ड डिस्क स्वस्त पडते. डेस्कटॉप असेल तर छोटी एसएसडी विंडोजसाठी आणि हार्ड डिस्क साठ्यासाठी, ही जोडी उत्तम.

५. माझ्या मशीनला कोणती बसेल? दुकानदार सॅटा की एनव्हीएमई असं विचारतो.

सॅटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती आहेत: सॅटा जुनी, एनव्हीएमई नवी आणि जास्त वेगवान. कॅबिनेटचं झाकण काढून मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) पाहा. मॉडेल नंबर त्यावरच छापलेला असतो. तो आणि जुन्या डिस्कवरचं लेबल यांचा फोटो काढून दुकानात न्या. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

रुंद चपटी रिबन केबल आणि ४० पिनांचं सॉकेट असेल तर ते आयडीई. इतक्या जुन्या मशीनवर खर्च करू नये असं माझं मत आहे. बोटाएवढ्या रुंदीची केबल आणि इंग्रजी ‘एल’ आकाराची खाच असेल तर ते सॅटा. त्यावर अडीच इंची सॅटा एसएसडी बसते. जुन्या ३ गिगाबिटच्या पोर्टवरही ती चालते, वेग निम्म्यावर येतो इतकंच, आणि रोजच्या वापरात तो फरक फारसा कळत नाही.

साधारण २०१५ नंतरच्या बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट असतो. त्यात च्युइंगमच्या पट्टीसारखी एसएसडी आडवी बसते. इथे लोक फसतात, कारण आकार एक असला तरी जाती दोन आहेत: एम.२ सॅटा आणि एम.२ एनव्हीएमई. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही एकच. नुसत्या खाचेवर भरवसा ठेवू नका. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटसमोर काय लिहिलंय ते वाचा. लांबीही पाहा. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, आणि हीच सगळ्यात जास्त चालते. काही लॅपटॉपना २२४२ किंवा २२३० लागते.

वेगाचं म्हणाल तर सॅटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते. कागदावर हा फरक मोठा आहे. बँकेची साइट, वर्ड, टॅली आणि यूट्यूब एवढाच वापर असेल तर तो हाताला लागत नाही. स्लॉट असेल तर एनव्हीएमई घ्या, नसेल तर तेवढ्यासाठी बोर्ड बदलू नका.

६. किती जीबीची घ्यावी? आणि १ टीबी घेतली तर ९३१ जीबीच का दिसते?

सी ड्राइव्हमध्ये आज किती जागा भरली आहे ते पाहा, त्याच्या दुपटीच्या जवळचं माप घ्या. २५६ जीबी केवळ ऑफिसच्या कामाला पुरते. घरात मुलं गेम खेळत असतील किंवा फोनमधले फोटो उतरवले जात असतील तर ५१२ जीबी किंवा १ टीबी घ्या. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा वेग पडतो, म्हणून निदान दहा-पंधरा टक्के जागा मोकळी राहील असं बघा.

९३१ चा आकडा बरोबर आहे, कोणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. त्याच हिशेबाने ५०० जीबीची ४६५ आणि ५१२ ची ४७७ च्या आसपास दिसते.

७. एकाच मापाच्या दोन एसएसडींच्या किमतीत इतका फरक का?

तीन गोष्टींमुळे. पहिली, आतल्या चिपची जात. टीएलसीमध्ये एका कप्प्यात तीन बिट, क्यूएलसीमध्ये चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठी फाइल सलग लिहिताना तिचा वेग कोसळतो आणि ती लिहून लिहून लवकर झिजते. विंडोजसाठी टीएलसी मागा. दुसरी, वेगळी डीरॅम चिप (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी वेगवान मेमरी) आहे की नाही. एनव्हीएमईमध्ये ती नसली तरी कॉम्प्युटरच्या रॅममधला थोडा भाग वापरून काम भागतं. सॅटामध्ये तशी सोय नाही, त्यामुळे तिथे डीरॅम असलेली उजवी. तिसरी, टीबीडब्ल्यू आणि वॉरंटीची वर्षं. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात किती टीबी लिहिण्याची हमी कंपनी देते तो आकडा. घरगुती वापरात तो सहसा गाठला जात नाही, पण दोन मालांतला दर्जा ओळखायला तो उपयोगी पडतो. चांगल्या एसएसडीला तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते.

नाव न ऐकलेल्या, बॉक्सवर चिपची जात न लिहिलेल्या एसएसडीत घरचा डेटा ठेवू नका.

८. मला साठ्यासाठी हार्ड डिस्कच हवी आहे. काय बघून घेऊ?

डेस्कटॉपला साडेतीन इंची, लॅपटॉपला अडीच इंची. लॅपटॉपसाठी जाडीही मोजा. ७ मिमीच्या जागेत ९.५ मिमीची डिस्क बसत नाही.

मग सीएमआर की एसएमआर ते विचारा. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारीशेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. माप वाढतं, पण आधी लिहिलेलं बदलायचं तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे मोठी कॉपी मध्येच मंदावते. २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी काही मॉडेलमध्ये हे न सांगता वापरल्याचं उघड झालं, तेव्हापासून कंपन्या आपल्या यादीत लिहू लागल्या. वर्षातून दोनदा बॅकअप टाकून कपाटात ठेवायची असेल तर एसएमआर चालेल. रोज काम करायचं असेल तर सीएमआर घ्या.

डीव्हीआरसाठी (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) सीसीटीव्हीची म्हणून वेगळी डिस्क मिळते. ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली असते. घेण्याआधी डीव्हीआर जास्तीत जास्त किती टीबी घेतो ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा.

९. नवी पेठेतल्या दुकानातून घ्यावी की ऑनलाइन?

दोन्हीकडे चालेल, अट एकच: जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर. घरी आल्यावर तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का ते पाहा. परस्पर बाहेरून आलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळत नाही. वस्तू जुळत नसेल तर गावातल्या दुकानात दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून मागता येते. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला मी दुकानच सुचवेन.

नवी म्हणून दिलेली डिस्क खरंच नवी आहे का, हेही तपासा. क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ शून्याजवळ असायला हवेत. हा आकडा पुसून जुन्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्याचे प्रकार २०२५ मध्ये उघडकीला आले, म्हणून बॉक्सचं सील आणि स्क्रूजवळचे ओरखडेही पाहा. ऑनलाइन दिसणाऱ्या अगदी स्वस्त ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’ खोट्या असतात. आत लहान मेमरी कार्ड असतं आणि ते माप खोटं सांगतं. एच२टेस्टडब्ल्यूसारखं सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून, वाचून खरं माप दाखवतं.

वॉरंटीबद्दल लक्षात ठेवा: ती डिस्कची असते, डेटाची नाही. कंपनी दुसरी डिस्क देते, तुमची परत येत नाही.

१०. जुन्या डिस्कचं जसंच्या तसं क्लोन करावं की नव्याने विंडोज टाकावं?

जुनी डिस्क तब्येतीने चांगली असेल आणि सगळं सॉफ्टवेअर आहे तसंच हवं असेल तर क्लोन. बऱ्याच एसएसडी कंपन्या आपलं क्लोनिंग सॉफ्टवेअर मोफत देतात. क्लोनझिलाही मोफत आहे, पण त्याला नेहमीच्या पद्धतीत नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी लागते. १ टीबीच्या हार्ड डिस्कवरून ५१२ जीबीच्या एसएसडीवर जायचं असेल तर कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरा, आणि आधी अनावश्यक डेटा दुसरीकडे हलवा.

जुन्या डिस्कवर खराब सेक्टर असतील, व्हायरस असेल किंवा मशीन वर्षानुवर्षांच्या सॉफ्टवेअरने भरलेलं असेल, तर नव्याने विंडोज टाका. बिघडलेल्या डिस्कचं क्लोन म्हणजे बिघडलेल्या फाइलही सोबत येणार. मग फॉरमॅट मारण्याआधीची यादी प्रश्न ११ मध्ये पाहा.

११. नवं विंडोज टाकण्याआधी नेमकं काय काय कॉपी करायचं? मागच्या वेळी मराठी फाइल उघडल्या आणि सगळी अक्षरं विचित्र दिसली.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळे करतात. राहतं ते वेगळंच.

मराठी फाँट हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोटाळा. लग्नपत्रिका, संस्थेची पत्रं, सोसायटीचे ठराव अजूनही शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. हे फाँट युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नाहीत. ते नव्या विंडोजवर नसतील तर त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फाइल खराब झालेली नसते, तोच फाँट परत टाकला की मजकूर पूर्ववत दिसतो. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातला फाँट्स फोल्डर पूर्णच्या पूर्ण कॉपी करा. ज्या सॉफ्टवेअरला डोंगल किंवा लायसन्स लागतं, त्याची सीडी, डोंगल आणि नंबर शोधून ठेवा. टायपिंगची दुकानं आणि पत्रिका छापणारे यांनी तर फॉरमॅटच्या आधी दहा जुन्या फाइल निवडून पीडीएफ काढून ठेवाव्यात, म्हणजे नंतर जुळवून पाहता येतं.

टॅली वापरत असाल तर डेटा फोल्डर नेमका कुठे आहे ते टॅलीतूनच पाहा. तो सहसा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. डेटाचा बॅकअप घ्या आणि लायसन्स आधी सरेंडर करा, नव्या विंडोजवर ते पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होतं. चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्यांचे वर्षाचे हिशेब याच एका फोल्डरात असतात, त्यामुळे त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

शिवाय ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुकची पीएसटी फाइल (ईमेलचा साठा), वायफाय आणि प्रिंटरचे ड्रायव्हर. वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवला नाही तर नव्या विंडोजवर नेटच नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, अशी अडचण होते.

१२. विंडोजची की (लायसन्सचा नंबर) पुन्हा विकत घ्यावी लागेल?

विंडोज १० किंवा ११ अस्सल असेल तर नाही. डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्कशी नाही. नव्याने टाकताना ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, तीच आवृत्ती निवडा (होम असेल तर होम), नेट जोडल्यावर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. त्याआधी जुन्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून ठेवलेलं चांगलं.

१३. डेस्कटॉपमध्ये डिस्क घरी कशी बसवायची?

साहित्य थोडं आहे: फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, सॅटा डेटा केबल, आणि अडीच इंची एसएसडीसाठी साडेतीन इंची जागेत बसणारं ब्रॅकेट. केबल डिस्कच्या बॉक्समध्ये बहुधा येत नाही, आठवणीने मागून घ्या.

शटडाउन करा, मागचं बटण बंद करा, प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. उरलेली वीज निघून जाते. झाकण काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. नायलॉनच्या सतरंजीवर बसून हे काम करू नका, लाकडी टेबल बरं.

ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग आहेत, त्यांनी इथे थोडं थांबावं. सुताचा बारीक तंतू पंख्यांत आणि हीटसिंकमध्ये नमद्यासारखा बसतो. झाकण उघडलंच आहे तर तो ब्लोअरने काढा, गच्चीत किंवा अंगणात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलट्या वेगात फिरून खराब होतं. ओलं फडकं वापरू नका. हार्ड डिस्कवर बारीक छिद्र असतं आणि तिथे ‘झाकू नये’ असं लिहिलेलं असतं, त्यावर टेप किंवा स्टिकर लावू नका.

आता डिस्क जागेवर सरकवा आणि स्क्रू लावा. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, एसएसडीचे बारीक. अडकतोय असं वाटलं तर तो स्क्रू चुकीचा आहे, जोर लावू नका. डेटा केबल बोर्डाला, पॉवरची केबल एसएमपीएसला (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा). दोन्हींची ‘एल’ खाच जुळली की त्या सहज बसतात. एसएमपीएसला सॅटा पॉवरचं टोक नसेल तर जुन्या चार पिनांच्या टोकावरून कन्व्हर्टर मिळतो. त्यात एकसंध साच्यात ओतलेलं टोक असलेला टाळा, असे कन्व्हर्टर आत शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. ज्याच्यात तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या.

एम.२ एसएसडी तिरकी सरकवायची, मग खाली दाबून टोकाचा छोटा स्क्रू लावायचा. तो स्क्रू हरवला तर टेप लावून भागवू नका, दुकानात सुटा मिळतो.

नव्याने विंडोज टाकणार असाल तर त्या वेळी फक्त नवी डिस्क जोडलेली ठेवा. जुनी जोडलेली असेल तर विंडोज बूटच्या (मशीन सुरू करण्याच्या) फाइल तिच्यावरच टाकू शकतं, आणि पुढे जुनी काढली की मशीन सुरू होत नाही.

१४. लॅपटॉपमध्येही असंच?

तत्त्व तेच, जागा अरुंद. मागचं झाकण काढल्यावर आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्याचा त्याचा स्क्रू तिथेच ठेवा. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी साठा (डिस्कऐवजी असलेली चिप) बोर्डावरच डाख दिलेला असतो, तो बदलता येत नाही. असा आहे का, हे घेण्याआधी पाहा. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तिच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) घालून जुनी हार्ड डिस्क ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाड्यांत मिळते.

१५. नवी डिस्क लावली, पण ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नाही. खराब निघाली का?

बहुधा नाही. कोरी डिस्क आपोआप दिसत नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इनिशिअलाइज विचारलं तर जीपीटी निवडा (जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरची जागा मांडण्याच्या नव्या आणि जुन्या पद्धती), मग मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला जीपीटीच लागतं, एमबीआर त्यापुढची जागा वापरू शकत नाही.

एक अपवाद जिवाचा आहे. डेटा असलेली जुनी डिस्क जोडल्यावर इनिशिअलाइज किंवा फॉरमॅट विचारलं, तर ‘कॅन्सल’ करा. याचा अर्थ विंडोजला तिची रचना वाचता येत नाहीये. पुढचं प्रश्न २ प्रमाणे.

१६. डिस्क मॅनेजमेंटमध्येही नाही, बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्येही) नाही. मग?

आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा. मग बोर्डाचं मॅन्युअल: कित्येक बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एखादा सॅटा पोर्ट बंद होतो. एम.२ एसएसडीच दिसत नसेल तर जात जुळत नाही अशी शक्यता मोठी, प्रश्न ५ पाहा.

आणखी एक क्वचित दिसणारी भानगड. एक्स्टर्नल डिस्क उघडून आतली डेस्कटॉपला लावली आणि ती फिरतच नाही. नव्या सॅटा नियमात पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क झोपते, आणि जुने एसएमपीएस तिथे सतत ३.३ व्होल्ट देतात. ती तार नसलेला पॉवर कन्व्हर्टर वापरला की डिस्क सुरू होते. कन्व्हर्टर कसा निवडायचा ते प्रश्न १३ मध्ये आहे.

१७. बायोसमध्ये एसएसडी दिसते, पण विंडोज टाकताना ‘ड्राइव्ह सापडली नाही’ असं येतं.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची डिस्क हाताळण्याची सोय चालू असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो सुटा (एक्स्ट्रॅक्ट) करून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही चालतं, पण आधीच्या विंडोजवर तसं केलं तर ते बूट होणार नाही. हा मार्ग कोऱ्या डिस्कसाठीच.

१८. क्लोन नीट झालं, पण कॉम्प्युटर त्यावरून सुरू होत नाही.

पहिलं काम: जुनी डिस्क काढा. दोन्ही हुबेहूब असल्याने गोंधळ होतो. मग बायोसमध्ये बूटचा क्रम पाहा. जुनं विंडोज एमबीआरवर असेल आणि बोर्ड फक्त यूईएफआय (बायोसची नवी आवृत्ती) पद्धतीने बूट करत असेल तर क्लोन सुरू होणार नाही. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाची सोय आहे, ती डेटा न पुसता रूपांतर करते. तरीही बॅकअपशिवाय चालवू नका. सॅटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर निळा पडदा येऊन ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसलं, तर रिकव्हरीतून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच वेळा त्या एका फेरीत ड्रायव्हर बसतो.

१९. बिटलॉकरची की मागतोय. मी तर कधी लावलंच नव्हतं!

मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एनक्रिप्शन, आपोआप चालू होतं. ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठवलेली असते. फोनवरून खातं उघडून पाहा. ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तोच लागतो, आणि तो कधी कधी दुकानातल्या मुलाने बनवलेला असतो. म्हणून डिस्क काढण्याआधीच की कागदावर उतरवून घ्या. क्लोन करायचं असेल तर आधी एनक्रिप्शन पूर्ण बंद करून डिस्क उलगडू द्या. की नसेल तर लॅबसुद्धा तो डेटा वाचू शकत नाही.

२०. दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर आहे. एसएसडी लावून उपयोग होईल?

होईल, मर्यादेत. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, तो या मशीनमध्ये नसणार. तेव्हा सॅटा एसएसडी घ्या, कारण पुढे मशीन बदललं तरी ती नव्या मशीनला किंवा यूएसबी डब्यात (डिस्क बाहेरून जोडायची पेटी) चालते. मुलांचा अभ्यास, पीडीएफ, यूट्यूब एवढंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून पाहा. बँकेची कामं विंडोज ७ वर करू नका.

२१. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि लाईट जाण्याने डिस्क लवकर जाते का?

दोन्हींचा त्रास होतो. हार्ड डिस्कला सहसा ६० आणि एसएसडीला ७० अंशांपर्यंत चालण्याची मुभा असते. एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० च्या वर गेली की बंद कपाटातल्या कॅबिनेटला फार वाव उरत नाही. हार्ड डिस्क ५० च्या खाली राहील असं बघा: कॅबिनेट टेबलाच्या बंद खणातून बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा. पत्र्याच्या घरात दुपारी मोठी कॉपी किंवा क्लोन लावू नका, रात्री लावा.

लिहिण्याच्या मध्यात लाईट गेली तर फाइल आणि कधी पूर्ण पार्टिशन (सी, डी असा डिस्कचा एक भाग) बिघडतं. साधा घरगुती यूपीएस पाच-दहा मिनिटं देतो, नीट शटडाउन करायला तेवढी पुरतात. क्लोन करताना तर यूपीएस हवाच. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा.

बॅकअपची एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवू नका. वीज न मिळालेल्या, झिजलेल्या एसएसडीतला डेटा काळाने पुसट होतो, आणि गरम जागेत लवकर. कपाटातल्या बॅकअपसाठी हार्ड डिस्क घ्या आणि दर सहा महिन्यांनी जोडून पाहा.

२२. जुन्या डिस्कचं काय करू?

निदान एक-दोन महिने ती तशीच ठेवा. राहून गेलेली फाइल हमखास त्या काळात आठवते. नंतर रीडिंग चांगली असतील (प्रश्न १) तर यूएसबी डब्यात घालून जास्तीची प्रत म्हणून वापरा. खराब सेक्टर असलेली डिस्क बॅकअपलाही नको.

कोणाला देणार असाल तर क्विक फॉरमॅट पुरेसा नाही, त्यातून डेटा परत काढता येतो. हार्ड डिस्कला क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या. त्यात सगळी डिस्क शून्यांनी लिहिली जाते, आणि मोठ्या डिस्कला काही तास लागतात. एसएसडीला कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये आधार-पॅनच्या प्रती असतील तर तबकड्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडा, डोळ्यांना चष्मा लावून, कारण काही तबकड्या काचेच्या असतात.

घंटागाडीत टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. नवी डिस्क घेताना दुकानदाराला विचारा, आणि तो जुनी घेत असेल तरी ती आधी पुसून मगच त्याच्या हातात द्या.